उस्मानभाईंची झोपमोड

"सिस्टर, माग बंद पडला!"

उस्मानभाई ओरडले तेव्हा मी शेजारच्या पेशंटला इंजेक्शन देत होते. भर दुपारची वेळ. नव्वदच्या दशकातली गोष्ट. भिवंडीतल्या आमच्या आयसीयूत बलून पंप पहिल्यांदाच आला होता, आणि तो लागला होता उस्मानभाईंना. भाई जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे.

बलून पंपात एक लांबट फुगा मांडीतल्या रक्तवाहिनीतून वर, हृदयाजवळ सरकवतात. हृदय सैल पडलं की फुगा फुगतो, ते आकसण्याआधी रिकामा होतो. दमलेल्या हृदयाला तेवढाच हातभार. फुगायचं कधी, हे मशीनला छातीवर चिकटवलेल्या ईसीजीच्या वायरींवरून कळतं.

पंपाच्या एवढ्या खटखटीत पेशंट झोपणार कसा, ही माझी काळजी. पंप सुरू झाला आणि भाई घोरायलाच लागले. त्यांच्या बेगम जैनबभाभी म्हणाल्या, "तीस वर्षं मागाच्या आवाजात झोपलेत. ईदला कारखाना बंद असला की यांना झोप न्हाय."

आणि आता पंप खरंच थांबला होता. प्रेशर भराभर उतरत होतं. डॉक्टर धावत आले.

"अलार्म का नाही वाजला?"

"सर, स्पंजनं अंग पुसताना मी बंद केला होता. चालू करायचा राहिला."

भाईंचा चेहरा पांढरा पडलेला, आवाज खोल गेलेला, पण जॉबर जागा होता.

"रागवा नंतर. आधी तार बघा. सुताची तार तुटल्याशिवाय माग थांबत न्हाय."

मी चादर बाजूला केली. एक वायर खरंच स्टिकरसकट सुटून लोंबत होती. छाती तेलानं चकचकीत!

"भाभी, हे काय?"

"खोबरेल लावलं थोडं. छाती कोरडी पडली होती ना!"

स्पिरिटनं छाती पुसली, नवं स्टिकर लावलं, वायर जोडली. खटखट सुरू झाली. प्रेशर हळूहळू वर आलं. डॉक्टर माझ्याकडे वळले, पण तोवर भाई पुन्हा घोरत होते. त्यामुळे मला आयुष्यातली सगळ्यात कडक बोलणी कुजबुजत्या आवाजात खावी लागली.

तिसऱ्या दिवशी फुगा काढला. दोन आठवड्यांनी भाई स्वतःच्या पायांनी घरी गेले.

पुढे नव्या नर्सना शिकवताना मी एकच नियम घोकवून घेतला: अलार्म बंद केलास? मग तो चालू होईपर्यंत तिथून हलायचं नाही. प्रत्येक पेशंट जॉबर नसतो.