रडलं का?

“रडलं का?” मॅडमचा पहिला प्रश्न हाच. जेवायला बसलेल्या असोत की जिन्यात, बाळ झालं म्हटलं की आधी हे. मुलगा की मुलगी ते मागाहून.

नारपोलीतल्या त्यांच्या प्रसूतिगृहात मी सिस्टर होते. बाहेर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, आत स्टुलावर बसलेल्या मॅडम. ठोके ऐकायच्या, बाईची कंबर चोळायच्या. एखादी कासावीस होऊन ‘काट दो’, सिझर करा, म्हणाली की म्हणायच्या, “जल्दी किसको है? बच्चे को तो नहीं.” अशी बसून राहणारी डॉक्टर तुम्ही तरी कितीदा पाहिलीत?

मग एक बाळ गेलं. मॅडमचं काही चुकलं नव्हतं, मी तिथेच होते. नातेवाइकांनी काचा फोडल्या, तेही समजू शकते. त्यांचं लेकरू गेलं होतं. पण त्यांचा तो वकील! जन्मात कळा देणाऱ्या बाईजवळ उभा राहिला नसेल, आणि विचारतो, सिझर न करता थांबलात कशाला? दावा वर्षानुवर्षं चालला आणि फेटाळला गेला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मॅडमनी ताकच सोडलं. जरा उशीर झाला की सिझर, जरा शंका आली की ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात रवानगी. स्टूल कोपऱ्यात गेलं. “सही झाली?” हा नवा पहिला प्रश्न, नातेवाइकांच्या संमतीपत्राबद्दलचा. माझं डोकं फिरायचं. पोट बाईचं कापायचं आणि जपायचं कागदाला!

एकदा गणेशपुरीकडची एक सून आली. पहिलं सिझर झालेलं, पण आता कळा जोरात, ठोके उत्तम. मॅडम म्हणाल्या, ठाण्याला न्या. सासूने हात जोडले. “बाय, आता व्हईलच. जरा थांबा ना.” मॅडमनी माझ्याकडे सहीचा कागद सरकवला.

आमची अँब्युलन्स पूर्णा गावाजवळ गोदामांच्या कंटेनरांत अडकली. भर दुपारी, हॉर्नच्या गोंगाटात, मुलगी माझ्या हातांत आली. मी मॅडमना फोन केला.

“सही घेतली होतीस ना?”

मी संतापानेच ‘हो’ म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही. मग हळूच म्हणाल्या, “रडलं का गं?”

मी फोन बाळाच्या तोंडाशी धरला.

महिन्याभरात त्यांनी प्रसूतिगृह बंद केलं. तिथे आता कापडाचे तागे आहेत. परवा ती सून बाजारात भेटली, पुन्हा दिवस गेलेत. ठाण्याला धाडल्याचा राग तिला नव्हता. तिने एवढंच विचारलं, “मॅडम आता कुठं बसतात?”