ठमीला दाखवलं

गल्लीत तिला सगळे ससेवाली म्हणत, समोर कौतुकाने आणि पाठ वळली की नाक मुरडून. पोटापाण्याचा धंदा खरा दातांचा. दिवसभर एका लॅबमध्ये बसून ती लोकांच्या कवळ्या घासायची, आणि संध्याकाळी घरी आली की पुन्हा दातच, फक्त सशांचे. सशाचे दात मरेपर्यंत वाढतात, गवत चावून चावून झिजले नाहीत तर गालात रुततात, हे तिने इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही बडबडली असती.

लोकांनी टाकलेले ससे गोळा करायचे, बरे करायचे आणि चांगलं घर बघून द्यायचे, एवढंच त्यांच्या ग्रुपचं काम. ग्रुप हे नावालाच. ती, सशांची ने-आण करणारा एक टेम्पोवाला, आणि फी देऊ केली की अंगावर खेकसणारी जनावरांची एक डॉक्टरीणबाई. संपली यादी.

ससे मात्र संपत नसत. वाढदिवसाला पोराच्या हट्टापायी ससा आणायचा, आणि त्याने चार्जरची वायर कुरतडली की त्याच्यात एकेक दोष दिसायला लागतात. मग कोणाची बदली होते, कोणाला शिंका येतात. एका सद्गृहस्थाने तर आमच्या नव्या सोफ्याशी याचं पटत नाही असं तोंड वर करून सांगितलं होतं. "मग सोफा आणून सोडायचा होतात," ससेवाली म्हणाली, "ससा कशाला आणलात?" तरी ससा ठेवून घेतलाच. नाही म्हणायला तिला कधी जमलं नाही, आणि तिच्या जिभेला काटा होता तो त्यामुळेच असावा.

एका बाबतीत ती कोणाचं ऐकून घेत नसे. जोडीतला एक ससा मेला की त्याचं शरीर दुसऱ्यापुढे ठेवायचं. तिच्याकडून ससे नेलेली माणसं रडत फोन करत, आणि ती मागच्या खोलीत गवत पसरता पसरता फोन खांद्याने कानाशी दाबून त्यांना दटावत असे.

"टॉवेलात गुंडाळून पळवू नका त्याला. दुसऱ्याजवळ ठेवा. हुंगू दे, चाटू दे, ओढू दे. तो आपण होऊन तोंड फिरवून खायला जाईस्तोवर उचलायचं नाही. नाहीतर हा कोपरान् कोपरा शोधत बसेल, खाणं टाकेल, आणि त्याच्यामागोमाग हाही जाईल. काय? मुलांना बघवणार नाही? मग मुलांना बाहेर पाठवा. ज्याचं माणूस गेलंय त्याला तर बघू द्याल!"

सशाला ती माणूस म्हणते, हे तिच्या लक्षातही येत नसे.

सशांच्या या मागच्या खोलीला लागून सासूबाईंची खोली. मुळात ती एकच मोठी खोली होती. नवऱ्याने मध्ये प्लायचं पार्टिशन ठोकलं, सशांसाठी जाळीचे कप्पे केले आणि वर ऐकवलं, "या घरात आता लांब कानवाल्यांचीच चलती आहे." तो बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. कित्येक महिने समुद्रावर आणि मग काही आठवडे घरी, असा त्याचा संसार. गेल्या खेपेला तो बोटीवर चढलाच नाही. बंदराजवळच्या लॉजमध्ये झोपला तो उठला नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई हॉस्पिटलात होत्या. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलेलं, नुकतंच ऑपरेशन झालेलं. नणंदेने ससेवालीचे दोन्ही हात धरले. "वहिनी, आईला आत्ता नको सांगूस. धसका घेईल गं ती. दादा गेलाच आहे, आता आईला घालवू नकोस."

नणंद वाईट नव्हती, घाबरट होती. आणि घाबरट माणसाचं प्रेम गळ्याला दोर लावतं, तो दोर कोणाला दिसतही नाही. ससेवालीही त्या दिवशी दगडासारखी झाली होती, ती हो म्हणाली. चार माणसांत सगळं उरकलं. सासूबाई घरी आल्या तेव्हा मुलगा बोटीवर गेला आहे, फोन लागण्याइतकी रेंज नाही, असं ठरलं. आधी टाके सुकू देत म्हणून सांगायचं राहिलं, मग चालायला लागू देत म्हणून राहिलं. पुढे तर नणंद दर रविवारी यायची आणि मोबाइल डोळ्यांशी धरून दादाचा मेसेज वाचून दाखवायची. ‘आई, मी मजेत आहे. काळजी घे.’ वाचून झाल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. ससेवाली बाहेर चहा गाळत उभी असायची. खोटं एकदा घरात शिरलं की त्यालाही खाऊपिऊ घालावं लागतं, आणि ते दोघींनी इमानेइतबारे केलं.

सासूबाई मात्र दिवसेंदिवस वाळत चालल्या. सूप दोन चमचे, दूध एक घोट, बिस्किट बशीत तसंच मऊ पडलेलं. खिडकीशी बसायच्या. दाराची कडी वाजली की मान वळायची आणि मग सावकाश परत फिरायची. तपासण्यांत काही निघेना, डॉक्टरांनी हात टेकले. सकाळी उठून ससेवाली आधी सशांच्या लेंड्या बघायची, कारण लेंड्या नाहीत म्हणजे ससा खात नाही, आणि न खाणारा ससा बघता बघता जातो. तिथून उठून ती सासूबाईंची ताटली बघायची. तीच नजर, तेच चमच्याने भरवणं. त्या का खात नाहीत, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण आता सांगितलं आणि खरंच काही झालं, तर म्हातारीला मारलं कोणी? या एका प्रश्नाने तिचं तोंड शिवलं होतं.

त्या रविवारी सकाळी मास्तर मेला. मास्तर हा करडा, पोक्त ससा. वर्गावर नजर ठेवल्यासारखा मान ताठ करून बसायचा, म्हणून ते नाव. त्याची जोडीदारीण ठमी, पांढरी, लठ्ठ, कमालीची हावरी. ससेवालीने मास्तरला सतरंजीच्या तुकड्यावर नीट आडवं केलं, टेम्पोवाल्याला खोकं घेऊन बोलावलं आणि ठमीच्या कप्प्याची जाळी उघडली. ठमीने मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटला. मग पुढे आली, त्याचं नाक हुंगलं, कान चाटला, हनुवटी त्याच्या मानेखाली घालून त्याला उठवायला बघू लागली.

मागे वॉकरचा खडखडाट झाला. सासूबाई या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. सशांना त्या तुझे मोठे उंदीर म्हणत. आज दारात उभ्या होत्या.

"मेला का गं?"

"हो, आई."

"आणि ही काय करतेय?"

"बघतेय. कळून घेतेय."

सासूबाईंनी स्टुलाकडे बोट केलं. ससेवालीने त्यांना धरून बसवलं. मग सासूबाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "मग मला का नाही दाखवलंस?"

ससेवालीची नजर पार्टिशनकडे गेली.

"पार्टिशन तुझ्या नवऱ्याने चांगलं ठोकलं, पण शेवटी प्लायच ते. रोज ऐकते मी. टॉवेलात गुंडाळून पळवू नका. ज्याचं माणूस गेलंय त्याला बघू द्या. दारोदारच्या सशांसाठी भांडतेस गं तू."

"आई, तुम्हाला केव्हा..."

"काळजी घे म्हणे. माझा मुलगा? तो फोन करायचा तेव्हा आधी भांडायचा, गोळ्या घेतल्या नसशीलच म्हणायचा. काळजी घे असं जन्मात म्हणाला नाही. पहिल्या मेसेजलाच कळलं मला."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर आणखी एक खोटं ऐकावं लागलं असतं. मी म्हटलं, ही एवढं सगळ्यांना सांगते, एक दिवस माझंही दार उघडेल. मला त्याच्यापाशी नेईल. इतके दिवस कोणी देह ठेवत नाही, कळतं मला. मूर्ख नाही मी. पण वाट बघायची सवय लागते."

ससेवालीला माफी मागायची होती. नणंदेचं नाव घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही. शेकडो घरांना तिने जे ठणकावून सांगितलं होतं, ते स्वतःच्या घरात भिंतीपलीकडे बसलेल्या माणसाला दिलं नव्हतं, आणि आता द्यायला काही उरलंही नव्हतं. ती खाली बसली आणि जे होतं तेवढं सांगितलं. लॉज. सकाळी चहावाल्याने दार ठोठावलं ते. कुशीवर झोपलेला होता. चेहरा शांत होता.

सासूबाई वाकल्या. कधी जिवंत सशाला ज्यांनी हात लावला नव्हता, त्यांनी ठमीच्या शेजारून हात सरकवून मास्तरच्या पाठीवर ठेवला.

"इतकं गार असतं?"

"हो."

"तोही असाच होता?"

"हो, आई. असाच."

त्यांनी मान हलवली. हात तिथेच ठेवला.

थोड्या वेळाने ठमीने मास्तरच्या पोटावरची थोडी लव ओढली, कान मागे पाडले आणि तोंड फिरवलं. कप्प्यात जाऊन तिने गवताची एक काडी तोंडात धरली, मग दुसरी. एरवी या क्षणी ससेवालीचा जीव भांड्यात पडायचा. ससा वाचला.

टेम्पोवाला खोकं घेऊन दारात आला. नेहमीचा गडी, त्याला तिची पद्धत ठाऊक होती. ठमी खातेय हे बघून तो पुढे झाला आणि मास्तरला उचलायला वाकला. ससेवालीने त्याचा दंड धरला.

"थांब जरा," ती म्हणाली.

त्याने म्हातारीच्या हाताकडे पाहिलं आणि खोकं खाली ठेवलं. जिन्यावर पावलं वाजली. नणंद येत होती, रविवारचा मेसेज घेऊन. ठमी कडाकडा चावत होती. सासूबाईंनी तोंड फिरवलं नव्हतं.