शिरीषच्या आईला श्रद्धांजली

माझा नवरा शिरीष लेखक झाला. फ्रँकफर्टच्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. आजवर त्याने मनापासून काही लिहिलं असेल तर इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरला, हीटर चालत नाही म्हणून. पण आमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर 'घर सोडताना' हा त्याचा लेख लागला आणि साहेबांचे पाय जमिनीला लागेनात.

लेखात काय, तर अंगणात तुळस, डोळ्यांना पदर लावलेली अडाणी आई, तिने फडक्यात बांधून दिलेली भाकरी. डोंबल! माझ्या सासूबाई कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या. हा जर्मनीला निघाला त्या दिवशी त्यांनीच गाडी चालवत याला मुंबईच्या विमानतळावर सोडलं आणि हा शेजारी बसून घोरत होता.

इथवर मी हसले. शेवटी मात्र याने आईला चक्क मारून टाकलं! वाट बघता बघता ती गेली, लेकाला तिचं तोंडही दिसलं नाही.

"अरे, त्या धडधाकट आहेत!" मी ओरडले.

"आल्झो, म्हणजे, ललित आहे ते," हा म्हणाला. "आई गेल्याशिवाय शेवटाला वजन येत नव्हतं."

लेखाखाली ज्याच्या त्याच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एका ओळीत सांगायचं ना, की अहो, आहे माझी आई! छे. हा निर्लज्ज प्रत्येकाला जोडलेले हात पाठवत बसला.

मग मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात लेख वाचायला बोलावलं. आईंचं तिकीट तर आधीच काढलेलं, दिवाळीला त्या आमच्याकडेच. लेख त्यांनी पुण्यातच वाचला होता. आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी शिरीष त्यांच्यापुढे घुटमळला. "आई, आजच्या दिवस तुझी ओळख मावशी म्हणून करून दिली तर चालेल?"

मला वाटलं, आता एक ठेवून देतील. "मावशी?" एवढंच म्हणाल्या. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या. "बरं. येते मी." मला त्याची किळस आली.

हॉलमध्ये त्याने आवाज कापरा करून वाचलं. बायका डोळे टिपत होत्या. आई पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून स्वतःचं मरण ऐकत होत्या.

नंतर फराळाच्या टेबलापाशी मंडळाच्या अध्यक्ष सुनेत्राताई आल्या. "ही माझी मावशी," शिरीष घाईघाईने म्हणाला.

सुनेत्राताईंनी आईंचा हात हातात घेतला. "तुमच्या बहिणीचं ऐकून फार वाईट वाटलं हो."

आईंनी आधी शिरीषकडे नीट पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"नका वाईट वाटून घेऊ," त्या म्हणाल्या. "असला मुलगा होता तिला. सुटली बिचारी."