उतरती रेघ

बायकोला माहीत नाही, आईला नाही. ओळखीच्या माणसांसमोर हे माझ्या तोंडून कधी निघालंच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित निघेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझी पहिली नोकरी, चेन्नईत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मानवतच्या शाळेत शिकलेला मी मोटारींचे ब्रेक तपासणारा इंजिनिअर झालो — याचं मला स्वतःलाच अप्रूप होतं. तिरुवल्लिकेणीत एकट्या नोकरदारांच्या मॅन्शनमध्ये खोली होती. रविवारी मात्र नुंगंबाक्कमला राव काकांकडे जेवायचो.

काका तंजावरकडचे मराठी, विमा कचेरीत कारकून. मला 'तंबी' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. "तंबी, तुमचं मराठी पुस्तकातलं, आमचं राजांच्या वेळचं. भांडण झालं तर तमिळमध्ये करू!" परक्या गावात त्या घरानं मला आग्रह करकरून वाढलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच घरात घडलं.

त्यांची मुलगी वैदेही. दहावी झाली होती, आणि एका चांगल्या शाळेत अकरावी विज्ञानासाठी प्रवेश परीक्षा द्यायची होती. तिला माझ्यासारखं इंजिनिअर व्हायचं होतं. जेवताना विचारायची, ब्रेक दाबल्यावर गाडी कुठवर सरकते, पावसात जास्त का सरकते. तिला फिजिक्स शिकवायचं माझ्याकडे आलं. मला किती बरं वाटलं असेल, तुम्हीच बघा.

एका रविवारी आलेख काढले. एक मुलगी घरून सायकलवर वाचनालयात जाते. रेघ आधी चढते, मग आडवी होते, मग उतरते. उतरत्या भागात काय घडतंय?

"ब्रेक लावलाय. वेग कमी होतोय," मी सांगून टाकलं.

ऑफिसात मी रोज तसेच आलेख बघायचो. पण ते वेगाचे असत — तिथं रेघ उतरली की गाडी मंदावली. इथं उभ्या अक्षावर वेग नव्हताच, घरापासूनचं अंतर होतं. मी अक्षावरचं नाव वाचलंच नव्हतं.

वैदेहीनं वाचलं होतं. "अण्णा, अंतर कमी होतंय ना? मग ती घरी परत येतेय. आडवी रेघ म्हणजे वाचनालयात बसलेली."

इतकं सोपं. आणि मी काय केलं? हसलो. "हे फिजिक्स आहे बाई, गोष्टीचा तास नाही." स्वयंपाकघरातून काकूही हसल्या. वैदेही खाली बघून "सरि, अण्णा," म्हणाली. सरि म्हणजे बरं. तिनं स्वतःचं उत्तर खोडलं आणि माझं लिहिलं.

परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं. हो, त्याच दिवशी. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी काकांचे पाहुणे होते आणि काका त्यांना सांगत होते, आमचा तंबी इंजिनिअर आहे, पोरीला शिकवतो. त्यांच्यासमोर कसं म्हणायचं? त्यानंतरच्या रविवारी पाहुणे नव्हते. तरी नाही सांगितलं.

परीक्षेत तसाच आलेख आला. तिनं माझं उत्तर लिहिलं.

निकालाच्या दिवशी मी रजा काढून त्यांच्याकडेच होतो. काका वैदेहीला घेऊन शाळेतून आले ते तोंड पाडूनच. वैदेही काठावर आहे, आलेखाचा प्रश्न सगळा चुकलाय, विज्ञान द्यायचं की कॉमर्स ते घरी विचार करून कळवा — असं तिथं सांगितलं होतं. चुकलेलं तिलाही दाखवलं होतं. म्हणजे कुणाचं उत्तर चुकलं, हे तिला कळलं होतं.

काका माझ्यासमोर बसले. "तंबी, खरं सांगा. हिला विज्ञान झेपेल का? तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणाल तसं करतो."

वैदेही माझी कॉफी घेऊन दारात उभी होती.

चूक माझी, एवढंच तर म्हणायचं होतं — काका रागावलेही नसते, उलट हसले असते. मी काय म्हणालो? "पाठांतर चांगलं आहे काका. समज जरा कमी पडते. कॉमर्स बरं."

नुसता गप्प राहिलो असतो तरी वेगळं झालं असतं. मी गप्प राहिलो नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. वडिलांकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगेल. तिनं कॉफी माझ्यासमोर ठेवली, म्हणाली, "साखर कमी असेल तर सांगा, अण्णा," आणि आत गेली.

काकांनी लगेच शाळेत फोन लावला. कॉमर्स म्हणून कळवलं.

मी कॉफी प्यालो. साखर बरोबर होती. काकूंनी पानं घेतली, तसा जेवायलाही थांबलो.