घागरीवरचं नाव

माझी जीभ तिखट आहे हे माझ्या मेसमध्ये जेवून गेलेली कुठलीही मुलगी सांगेल. लातुरात क्लासेसचं पीक आलं, गल्लोगल्ली पोरी राहायला आल्या, आणि मी तीन खोल्यांत मेस काढली. दूधवाला, गॅसवाला, भाजीवाली, सगळे मला वचकून असत. अन्याय दिसला की मी गप्प बसत नाही, असा माझा मलाच मोठा अभिमान होता.

पोरी वाढल्या तशी मोठी भांडी लागू लागली. नवीन परवडेना, म्हणून मोबाईलवर जुन्या सामानाच्या लिलावाची एक साईट बघायची सवय लागली. दुपारी दोनला पंगत उठली की चारपर्यंत मला उसंत असे. अशाच एका दुपारी मी बगुणी शोधत होते आणि समोर तांब्याची घागर आली. विकणारा नांदेडचा. तीन फोटो होते. तिसऱ्या फोटोत घागरीच्या गळ्याखाली ठोक्यांनी कोरलेलं नाव होतं, गावासकट, आणि नावाच्या खाली पोचा.

तो पोचा माझा होता. म्हणजे मी पाडलेला. शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर एस.टी.त चढताना घागर माझ्या हातून निसटली होती आणि वडिलांनी चारचौघांत माझा कान पिळला होता. अक्काच्या रुखवतासाठी घेतलेली घागर. नाव घालणाऱ्याच्या समोर मीच उकिडवी बसून एकेक अक्षर उमटताना पाहिलं होतं.

ते नाव आम्ही घरात कधी घेतलं नव्हतं. सासरी नाव बदलायचं म्हणून पाहुण्यांनी आधीच कळवलेलं ते नवं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं गेलं, आणि अक्का ते नाव घेऊन किल्लारीच्या बाजूच्या एका गावात नांदायला गेली. उन्हाळ्यात लग्न झालं. त्याच वर्षी गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. आमच्या घराच्या भिंतीला नुसती भेग गेली. तिच्या सासरचं एक माणूस उरलं नाही.

वडील ट्रॅक्टरवर बसून गेले आणि तिसऱ्या दिवशी आले. आई दारातच उभी होती. तिनं विचारलं, "तोंड बघितलं का लेकीचं?" वडील म्हणाले, "उरकलं." तेवढंच. मग ते पाय धुवायला गेले. तिथं दारंखिडक्यांच्या लाकडांवर पाच-पाच, दहा-दहा माणसं एकदमच जाळली, असं आम्ही नंतर इतरांकडून ऐकलं. मेलेल्यांच्या यादीत वडिलांनी अक्काचं माहेरचं नाव सांगितलं होतं. सासरचं नाव तिच्यासोबत गेलं. आई मरेपर्यंत स्टँडवर पाठमोरी बाई दिसली की पुढे जाऊन तिचं तोंड बघायची. मी तिला हसायचे. पुढे मीही बघायला लागले.

तर ती घागर. माझ्याकडे अक्काचा फोटोसुद्धा नाही. मी बोली लावली. मिनिटभरात कुणीतरी माझ्यावर चढवली. मी वाढवली, परत चढली. कोण आहे ही अवदसा म्हणून बोली लावणाऱ्याचं नाव बघितलं.

इंग्रजी अक्षरांत अक्काचं सासरचं नाव होतं. पुढे तिच्या सासरच्या गावाचं नाव.

पायाखालची जमीन सरकली, असं लोक सहज म्हणतात. आमच्या भागात जरा जपून म्हणतात. स्वयंपाकीण मावशी ताटं विसळत होत्या, नळ वाहत होता, आणि मी त्या नावाकडे बघत बसले. चार वाजता लिलाव संपला. खाली लिहून आलं की घागर अक्कानं जिंकली.

मी ठार वेडी नाही. नावासारखी नावं असतात. पण तेच नाव, तेच गाव आणि तीच घागर? आणि समजा ती असेलच, कुठल्या दवाखान्यातून कुणाच्या घरी गेली असेल, सगळं विसरली असेल, आणि आज स्वतःचं नाव फोटोत बघून तिला ती घागर हवीशी वाटली असेल, तर? हे मी मनातल्या मनात किती वेळा मांडलं आणि मोडलं, त्याला हिशेब नाही. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. पोरी तोंडं वाकडी करत जेवत होत्या, पण बोलायची कुणाची छाती नव्हती.

आठ दिवसांनी घागर परत लिलावात आली. तेच फोटो, तोच विकणारा. तेव्हा माझं डोकं जाग्यावर आलं. साईटच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं की विकणारा कधी कधी स्वतःच दुसऱ्या नावानं बोली लावून भाव चढवतो. बोली लावणारा एकाच विक्रेत्याच्या मालाला चिकटून असेल, जिंकलेली वस्तू परत विक्रीला येत असेल, तर तक्रार करा. मी अक्काच्या नावावर बोट ठेवून तिच्या जुन्या बोली काढल्या. सगळ्या नांदेडच्या त्या एकाच माणसाच्या मालावर होत्या.

तक्रारीचा अर्ज उघडला आणि तसाच ठेवला. आधी तिला निरोप पाठवला. "अक्का, तू हायस का?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मी पोळ्या मोजत असताना उत्तर आलं. "हाव. बोला."

मी हातातली पोळी तशीच ठेवली. मी लिहिलं, "मला काय म्हणून हाक मारायचीस?" त्यावर काही आलं नाही. संध्याकाळी घागरीवर तिची बोली मात्र चढली होती.

मग त्या विक्रेत्याची बाकीची भांडी एकेक करून मोठी करून बघितली. एका परातीवर एका बाईचं नाव कोरलेलं होतं, गावासकट. तेच नाव एका तपेल्यावर बोली लावत होतं. तपेल्यावरचं नाव एका डब्यावर बोली लावत होतं. कोडं सुटलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

मेससाठी घाऊक भांडी हवीत असं सांगून त्याचा पत्ता घेतला आणि सकाळच्या एस.टी.नं नांदेड गाठलं. मनात चांगली दोन-तीन तास पुरतील एवढी भांडणं भरून घेतली होती. जुन्या वस्तीत तळमजल्यावर खोली. भिंतीला लागून पालथ्या भांड्यांच्या रांगा, आणि प्रत्येकाचं नाव बाहेरच्या बाजूला. बायकाच बायका. मी आत गेले तेव्हा एवढ्या जणी एकदम माझ्याकडे बघतायत असं वाटलं आणि मी नकळत डोक्यावर पदर घेतला.

माणूस पन्नाशीचा, साधा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मी साईटवरची नावं धडाधड म्हणून दाखवली. त्यानं नाकारलं नाही.

"बसा बाई, रागावू नका. बोली चढली न्हाई तर लोकं मोडीच्या भावानं मागून राहिले."

"पण ही नावं?"

"मनानं नाव ठेवलं की खोटं वाटतंय. भांड्यावरचं कसं, खऱ्या माणसाचं वाटतंय. अन् मोडीत आलेली भांडी ही, ह्या लोकायला आता कोण विचारायलंय?"

"मी विचारायले," मी म्हणाले. "ही घागर माझ्या बहिणीची हाय."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. उठून घागर आणली, धोतराच्या फडक्यानं पुसली आणि माझ्या मांडीवर दिली. पैसे घ्यायला तयार होईना. पोच्यावर माझा अंगठा बरोबर बसला. मग त्यानं मोबाईल काढला. "हे नाव आत्ता बंद करतो, तुमच्यासमोर."

इतकं सगळं भांडण घेऊन आलेली मी. माझ्या तोंडून निघालं, "राहू द्या."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. दारापर्यंत गेल्यावर मी मागे वळून विचारलं, "त्या निरोपाला उत्तर तुम्हीच दिलं ना?"

"कुठला निरोप, बाई? मी नुसती बोली लावतो. निरोप मला कुठून पाठवायचा तेबी माहीत न्हाई."

जो माणूस बोलीत खोटं करतो तो बोलण्यातही करत असेल. लातूर येईपर्यंत मी हेच स्वतःला सांगत होते. घागर मांडीवर होती आणि उन्हात तापली होती.

त्यानंतर दुपारी पंगत उठली की मी साईट उघडायचे. अक्का असायची. एका तांब्यावर तीन मिनिटांपूर्वी बोली, एका समईवर तासाभरापूर्वी. लोक माहेरवाशिणीच्या फोनची वाट बघतात तशी मी तिच्या बोलीची बघत होते. एखादे दिवशी दिसली नाही तर घास उतरत नसे. ती कुणाला तरी फसवतेय हे मला कळत होतं. कळूनही मी, दूधवाल्याच्या मापाला बोट लावून बघणारी मी, गप्प होते.

मग एका पितळी डब्याचा लिलाव लागला. झाकणावर नाव होतं आणि खाली 'मामाकडून भेट'. कुणीतरी त्या डब्यावर बोली लावत होतं. थोडीशीच वाढवायचं. अक्का लगेच चढायची. मग ते माणूस बराच वेळ थांबायचं, आणि परत यायचं, तेवढंच थोडंसं घेऊन. ते थांबणं मला ओळखू आलं. तो वस्तू घेणाऱ्याचा हात नव्हता. कुठेतरी एक माणूस झाकणावरच्या नावाकडे बघत बसलं होतं आणि माझी बहीण त्याला ते मिळू देत नव्हती.

मी तोच अर्धवट ठेवलेला अर्ज उघडला. विक्रेत्याचं नाव लिहिलं, खोटी नावं एकेक करून लिहिली. सगळ्यात शेवटी अक्काचं लिहिलं. बाराखडी गिरवणाऱ्या पोरीसारखी सावकाश लिहिलं. आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती सगळी नावं साईटवरून गेलेली होती. अक्काच्या नावाच्या जागी 'हे खाते अस्तित्वात नाही' एवढंच येत होतं. मी दोनदा बघितलं. मग मोबाईल कट्ट्यावर ठेवला आणि मोरीत जाऊन पायांवर पाणी घेतलं. का घेतलं ते मला त्या वेळी कळलं नाही.

मावशी परातीतलं पीठ तसंच ठेवून मागे आल्या. "काय झालं, बाई? कुणाचं काय झालं?"

वडिलांना त्या दिवशी दुसरं काही सांगता का आलं नसेल, ते मला तेव्हा समजलं. मी म्हणाले, "काही नाही, मावशी. उरकलं."