गेरूची बोटं

धाराशिवातल्या जुन्या इमारतींची पाहणी करून त्यांना वारसा दर्जा सुचवायचं काम माझ्याकडं होतं. यादीत निजामाच्या काळातला एक जनाना दवाखाना होता, कैक वर्षं बंद पडलेला. किल्ली तिथल्याच एका निवृत्त आयाबाईंकडं होती.

भर दुपारी मी मागच्या खोलीत मापाची टेप लावत होते. भिंतीवर, कमरेच्याही खाली, गेरूची बोटं उठवलेली दिसली. एकाशेजारी एक, कोपऱ्यापर्यंत. पोरांचा खेळ असेल म्हणून मी पुसायला हात नेला.

"पुसू नका बाई," दारातून आयाबाई म्हणाल्या. "जन्मून न रडलेली लेकरं हायेत ती."

मी हात मागं घेतला.

"नाव न्हाय, बारसं न्हाय. आईला बघूसुद्धा देत नव्हते. कुठंतरी त्यांची नोंद लागावी म्हणून म्या बोट उठवायची."

"कुणी विचारायला आलं का कधी, मावशी?"

"एक आली होती, भूमची. म्हातारी झाली होती. माझं कोणतं, म्हणाली. मला कुठं आठवतंय? म्या आपलं एक दाखवलं. लई वेळ हात ठेवून बसली."

त्यानंतर त्या भिंतीकडं पाठ करून मला माप घेता येईना. खोलीत कुणी निजलंय असं वाटायचं; आपसूक आवाज खाली यायचा.

अहवालात मी ते सगळं लिहिलं. बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, "याला कागद काय आहे?" कागद नव्हता. दगडी काम साधं, छत पडकं. इमारत सगळ्यात खालच्या दर्जात गेली आणि वर्षाच्या आत पाडली.

पाडायच्या दिवशी आयाबाई आल्या होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "माती कुठं टाकत्यात, तेवढं विचारून सांगा."

मी ठेकेदाराला विचारलं. येडशीकडं रस्त्याचं काम चालू होतं, तिथं भरावात गेली, म्हणाला.

आयाबाईंना मी सांगितलं, शेतात टाकली. "बरं झालं," म्हणाल्या. "काहीतरी उगवंल."

त्या आता नाहीत. कामासाठी मला येडशीला जावंच लागतं. तो भराव नेमका कुठं आहे ते मी कधी विचारलं नाही, म्हणून सबंध रस्ताच मला तसा वाटतो. जीपमध्ये बाकीचे हसत-बोलत असतात. मी पाय जरा वर घेऊन बसते.