तुला वडील किती?

बी.कॉम. झाल्यावर मी अंबरनाथच्या एमआयडीसीत दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्या आणि सगळीकडे एकाच जागी अडकले. 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' म्हटलं की नावाच्या पुढचं वाक्यच जुळायचं नाही. शाळा मराठी माध्यमाची, कॉलेजचं इंग्रजी गाइडपुरतं. म्हणून उल्हासनगरला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. खाली कपड्यांची दुकानं, वर क्लास. काचेचं पार्टिशन, एसी, आणि भिंतीवर सूट घातलेल्या हसऱ्या माणसांचे फोटो.

सर चाळिशीचे होते. बोलायचे हिंदी-इंग्रजीत, मध्येच एखादं मराठी वाक्य टाकायचे. शिकवायचे चांगलं, खोटं कशाला बोलू? कर्ता एक असेल तर 'इज', अनेक असतील तर 'आर'. एक माणूस असेल तर क्रियापदाला 'एस' लागतो, जास्त माणसं असतील तर लागत नाही. पुरुष असेल तर 'ही', बाई असेल तर 'शी', आणि घोळका असेल तर 'दे'. मला हे सगळं समजलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते मला नियम माहीत नव्हता म्हणून झालेलं नाही.

त्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून घरातल्या एका माणसाबद्दल बोलायचं होतं. माझ्या शेजारी विठ्ठलवाडीची एक बाई बसायची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, लग्न झालेली. ती नवऱ्याबद्दल बोलली. मग मी उठले.

"माय फादर आर फ्रॉम बदलापूर," मी सुरुवात केली. "दे वर्क इन अ फॅक्टरी इन अंबरनाथ. दे आर व्हेरी स्ट्रिक्ट."

सरांनी हात वर करून मला थांबवलं. "वन मिनिट. हाउ मेनी फादर्स डू यू हॅव?"

दोघं-तिघं हसले. मला पटकन कळलं नाही. माझा चेहरा बघून सरांनी तेच हिंदीत विचारलं, म्हणजे सगळ्यांनाच नीट कळावं.

"अरे, कितने बाप हैं तेरे?"

सगळा वर्ग खदखदून हसला. शेजारची बाईसुद्धा.

इंग्रजीत तो व्याकरणाचा विनोद असेल. आमच्याकडे या प्रश्नावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. माझ्या आईचं नाव त्याने न घेता त्या खोलीत काढलं आणि वर खडूने फळ्यावर 'इज' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

इथून पुढे मी त्याला 'तो' म्हणणार आहे. 'ते' तोंडातून निघत नाही.

"सर, वडील एकच आहेत," मी मराठीत म्हणाले. "पण ते 'आहेत'. 'आहे' नाहीत."

"व्हॉट?"

"आम्ही वडिलांना अरे-तुरे करत नाही. 'बाबा आले' म्हणतो, 'बाबा आला' म्हणत नाही."

"ये मराठी का क्लास नहीं है. सिट डाउन."

"तुम्ही वर्गात आलात की आम्ही काय म्हणतो? 'सर आले.' 'सर आला' म्हणतो का? तेव्हा तुम्ही किती जण असता?"

आता कुणी हसलं नाही. त्याच्या मानेवर लाली चढली. "मजाक था," तो म्हणाला. "इतना पर्सनली क्यों ले रही है?"

"सॉरी म्हणा."

"फॉर व्हॉट? ग्रामर तेरा गलत है, सॉरी मैं बोलूँ? बैठना है तो बैठ, नहीं तो दरवाजा उधर है."

मी बॅग उचलली आणि जिना उतरले. डोळ्यांत पाणी होतं. ते रागाचं होतं, पण बघणाऱ्याला ते कसं कळणार, याचाही राग येत होता. रिक्षा केली नाही. हातगाड्या, जीन्सचे गठ्ठे, हॉर्न, सगळ्यातून नुसती चालत राहिले. खरं उत्तर मला सुचलं ते विठ्ठलवाडीपाशी पोचल्यावर. तो मला सारखा 'यू आर' म्हणतो. 'यू आर लेट', 'यू आर नॉट ट्राइंग'. मी तर एकटी आहे! मग 'यू इज' का नाही? त्याच्या इंग्रजीतसुद्धा समोरच्या एकट्या माणसाला अनेकवचनी क्रियापद लागतंच की. मागे फिरून जिना चढावा आणि त्याला हे विचारावं, असं फार वाटलं. फिरले नाही. ते वाक्य अजून माझ्या तोंडातच आहे.

माझे वडील बदलापूर गावातल्या शेतकरी घरातले. भाताची शेती भावांत वाटली गेली तसे ते अंबरनाथला कंपनीत लागले, ऑपरेटर म्हणून. तिथे त्यांच्या निम्म्या वयाचे ऑफिसर त्यांना 'ए, इकडे ये' म्हणून बोलवत. एकदा मी त्यांचा जेवणाचा डबा द्यायला गेले होते तेव्हा गेटवर स्वतः ऐकलंय. घरी मात्र आई त्यांना 'अहो' म्हणायची आणि आम्ही भावंडं 'तुम्ही'. दिवसभरात त्यांच्या वाट्याला येणारा मान तेवढाच होता. वर्गात उभी राहिले तेव्हा नियम डोक्यात होता, पण बाबांचा विषय निघाल्यावर 'ही इज' म्हणायला जीभच वळली नाही.

घरी मी काही सांगितलं नाही. क्लास सोडला असं मोघम म्हणाले. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा तिला अर्धंच सांगितलं, सरांशी भांडण झालं म्हणून. तिने ते बाबांच्या कानावर घातलं.

पुढच्या आठवड्यात बाबा पहिल्या पाळीवरून उशिरा घरी आले. हातपाय धुतले, चहा घेतला आणि फार खुशीत म्हणाले, "मी जाऊन आलो तिकडं. घेतो म्हणाले सर परत. वर्गात एकदा सॉरी म्हणायचं, बस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठे जाऊन आलात?"

"तुझ्या क्लासला. वर्ग चालू होता, बाहेर थांबलो थोडा वेळ. भला माणूस आहे गं. हात जोडून म्हटलं, पोरगी लहान आहे, चुकलं तिचं."

"बसा तरी म्हणाला का तुम्हाला?"

"उभ्याउभ्याच बोललो. त्यांना कुठे वेळ असतो?"

"मी काय बोलले ते सांगितलं असेल त्याने. त्याने मला काय विचारलं, ते सांगितलं?"

बाबांनी कप खाली ठेवला. "सांगितलं."

"मग?"

"हसले ते. मीपण हसलो."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"तुम्ही हसलात?" माझा आवाज चढला. "कितने बाप म्हणाला तो मला! आईला म्हणाला! आणि तुम्ही त्याला 'ते'?" प्रश्न काय होता ते आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं; ती आत गेली आणि भांडी जोरजोरात घासू लागली.

"शिकवणाऱ्याला 'तो' म्हणू नये," बाबा म्हणाले.

"मी म्हणणार. तो, तो, तो!"

"आवाज खाली कर. नोकरी पाहिजे ना? मग थोडं ऐकून घ्यावं लागतं. आम्ही नाही घेतलं आयुष्यभर?"

"म्हणूनच मी घेणार नाही."

ते उठून गॅलरीत गेले. त्यानंतर बरेच दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. त्यांना वाटत होतं मी हट्टी आहे. मला वाटत होतं, त्या माणसाने माझ्या बापाला स्वतःच्याच बायकोवरच्या घाणेरड्या विनोदावर हसायला लावलं, आणि बाबा हसले. कोणाचा राग जास्त येत होता, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

क्लासला मी गेले नाही. मोबाइलवर ऐकून, आरशासमोर बोलून, इंग्रजी पेपर मोठ्याने वाचून मी जमेल तसं शिकले. विठ्ठलवाडीची बाई एकदा अंबरनाथ पश्चिमेला भाजी घेताना भेटली. त्या दिवशी हसल्याबद्दल तिने स्वतःहून माझा हात धरला. मग म्हणाली, "तो प्रत्येक नव्या बॅचला सांगतो गं तुझं. 'माय फादर आर'वाली लडकी म्हणून." सगळ्यांना सांगत होता, आणि माझं उत्तर तेवढं गाळत होता.

पुढे वाचनात आलं की 'यू' हा मुळात अनेकांसाठीचा शब्द. आपल्या 'तुम्ही'सारखा तो मानाने एकट्याला वापरू लागले आणि मग तोच राहिला. आणि 'दे'सुद्धा इंग्रजीत एका माणसाला चालतो, तो माणूस बाई की पुरुष हे ठाऊक नसेल तर. म्हणजे मला हसणाऱ्याला त्याचीच भाषा पुरती माहीत नव्हती. हे वाचून समाधान व्हायला हवं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला.

नोकरी लागली, एमआयडीसीतच, एका कंपनीच्या खरेदी विभागात. मुलाखतीत घरच्यांबद्दल विचारलं. "माय फादर इज अ मशीन ऑपरेटर," मी म्हणाले. "ही वर्क्स इन द नेक्स्ट लेन." एकही चूक नाही. समोरच्या बाईंनी हसून मान डोलावली. मी बाहेर येऊन पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिले आणि ग्लास हातात नुसताच धरून ठेवला. नियमाशी माझं भांडण नव्हतंच कधी. इंग्रजीत एकाला 'इज', ठीक आहे. पण ते सांगताना 'तू असं का म्हणालीस?' एवढं विचारायला त्याला किती वेळ लागला असता?

बाबा गेल्या वर्षी निवृत्त झाले. एका रविवारी आई देवळात गेली होती, आम्ही दोघंच घरात होतो. मी मटार सोलत होते, ते समोर बसून पेपर बघत होते. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "त्या दिवशी मी हसायला नको होतं."

"नको होतं," मी म्हणाले.

त्यांनी पेपर बाजूला सारला, मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागले. मी आणखी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आई म्हणते.